पलंगाखालचा फिल्टर

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला.

एक जुनी गाडी डोळ्यांसमोर आणा. बसपेक्षा लहान, टेंपोपेक्षा मोठी. आत एक स्टोव्ह आहे, पत्र्याच्या भिंतीला भांडी टांगली आहेत, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे आहेत. ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीमागे लाकडी पेटीसारखा पलंग आहे. गाडीचा मालक तिथेच स्वयंपाक करतो, तिथेच राहतो. चाकांवरचं घरच ते.

आता त्या पलंगावर हात ठेवा.

गार लागला ना?

मला अजून लागतो.

हे मी कुणाकडून ऐकलेलं सांगत नाही. मी त्या गाडीत बसले होते. त्या पलंगावर निजलेली मुलगी माझ्या सख्ख्या भावाची. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावं. मला स्वतःलाही पटलं नसतं.

साल १९८६. डिसेंबर महिना. वार शुक्रवार. जागा गोव्यात पेडणे तालुक्यातलं केरी, तेरेखोलच्या नदीकाठचं. असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं लोक समजतात.

ही भर दुपारी घडली. लख्ख उन्हात.

माझा धाकटा भाऊ शंभू याचं केरीत फेरीच्या धक्क्याजवळ छोटं गॅरेज होतं. त्याआधी तो डिचोलीला खनिजाच्या ट्रकांवर मेकॅनिक होता. हात चांगला बसलेला. मी जवळच्याच शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची आणि शंभूच्याच घरी राहायची.

केरीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली दर थंडीत एक म्हातारा गोरा आपली घरगाडी घेऊन यायचा. त्याचं नाव हान्स. गावाने त्याला हंसबाब करून टाकलं होतं. इतकी वर्षं येऊन येऊन तो आमच्यासारखंच मोडकंतोडकं बोलायलाही लागला होता.

आधी तो बायकोला घेऊन यायचा. मागल्या थंडीत ती आजारी पडली. सारखी कुडकुडायची. भर उन्हात गाडीची दारं-खिडक्या लावून पलंगावर पडून असायची. गावातल्या बायका विटा तापवून, फडक्यात गुंडाळून तिच्या पायांशी ठेवून येत. तरी तिचे दात वाजलेले बाहेरपर्यंत ऐकू येत. त्याच पलंगावर ती गेली.

तिचं नाव गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे हंसबाबाची बायल म्हणत.

तेव्हापासून हंसबाब त्या पलंगावर निजत नसे. खाली चटई टाकायचा.

शंभूने एकदा विचारलं, "पलंग असताना भुंयेर कित्याक निजतास?"

"पाठ दुखता," तो म्हणाला.

पाठ दुखणारा माणूस गादी सोडून फळ्यांवर का झोपेल... असा प्रश्न आम्हाला पडायला हवा होता. पडला नाही.

आता मुलांनो, थोडा धडा. इंजिनात तेल का घालतात? लोखंडावर लोखंड घासलं की दोन्ही तापतात आणि झिजतात. मधे तेल असलं की अलगद सरकतात. हे तेल इंजिनभर फिरत असतं. फिरता फिरता मळतं. म्हणून वाटेत एक गाळणी बसवलेली असते, चहाच्या डब्याएवढी. तिला फिल्टर म्हणतात. तो अधूनमधून बदलावा लागतो.

हंसबाबाच्या गाडीचा फिल्टर अगदी अडचणीच्या जागी होता. इंजिन आणि सांगाड्याच्या मधल्या फटीत. दर वेळी तो काढताना शंभूचा हात भाजायचा.

"ह्यो फिल्टर बसवणारो माणूस माका एकदा भेटाक जाय," शंभू मनगट पाण्यात बुडवून म्हणायचा.

"तो मेलो आसतलो," हंसबाब म्हणायचा. "गाडी तुझ्यापेक्षा म्हातारी."

शेवटी शंभूलाच युक्ती सुचली. डिचोलीच्या काही ट्रकांना फिल्टर इंजिनापासून लांब, हात पोचेल अशा जागी बसवलेला असायचा. इंजिनावर फिल्टरच्या जागी एक जाड चकती. तिच्यातून दोन रबरी पाइप. एका पाइपातून तेल फिल्टरकडे जायचं, दुसऱ्यातून गाळून परत यायचं. भंगारातल्या ट्रकाचे हे भाग शंभूने मिळवले. घासूनपुसून नवे केले.

फिल्टर लावायचा कुठे, एवढंच ठरायचं होतं.

"थंय," हंसबाबाने बोट दाखवलं. "पलंगाखाला. बाजूचा दार उघडला की हातात. मी म्हातारो माणूस, गाडीखाली निजाक नाका माका."

पलंगाची पेटी आतून रिकामीच होती. बाजूला लहानसं दार होतं. म्हणणं बरोबर होतं त्याचं.

शंभूने तळाला भोकं पाडली, पाइप वर घेतले आणि फिल्टर पलंगाच्या फळीखाली बसवला. गादी जिथे मधोमध खोल गेली होती, बरोबर त्याच्याखाली.

आमच्याकडे नवं काही चालू करायचं तर राखणदाराला गाऱ्हाणं घालतात. राखणदार म्हणजे गावाची सीम राखणारा. नारळ ठेवायचा आणि त्याला सांगायचं, हा अमका, याचं हे काम, याला सांभाळ. नाव घ्यायचं. नाव घेतल्याशिवाय गाऱ्हाणं होत नाही, हे आमच्याकडच्या लहान पोरालाही माहीत असतं.

शंभूने नारळ ठेवला. हात जोडले. आणि अडखळला.

"हंसबाब, तुजा पुराय नांव कितें?"

हंसबाबाने सांगितलं. लांबलचक होतं. शंभूने दोनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा स्वतःच हसला.

"ऱ्हवंदे," तो म्हणाला, आणि डोळे मिटून त्याने सांगून टाकलं, "बा राखणदारा, ह्या गाडयेत जो कोण असा, तेका सांबाळून घे. तेका जाय तें दी."

मी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभी होते. गाडीत जो कुणी असेल त्याला हवं ते दे, हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले.

हंसबाबाने डोक्यावरची टोपी काढली. तो शंभूकडे बघत नव्हता. नारळाकडेही नाही.

तो उघड्या दारातून पलंगाकडे बघत होता.

नारळ फोडला. गाडी चालू केली. शंभू पाइपांवर हात ठेवून बसला. तेल फिरायला लागलं की आधी जाणारा पाइप तापतो, मग येणारा. दोन्ही तापले म्हणजे काम जमलं.

जाणारा पाइप तापला. हात ठेववेना.

येणारा पाइप मात्र...

गार होता. विहिरीतून आत्ताच ओढलेल्या दोरासारखा.

शंभूने बोटांनी चाचपला. सगळे नट तपासले. तेलाच्या दाबाचा काटा जिथे हवा तिथे होता. म्हणजे तेल जात होतं, येत होतं. फक्त गार होऊन येत होतं.

"थंडीचे दीस," तो म्हणाला. "पाइप लांब असत. वाटेत निवता आसतला."

मला त्यातलं काय कळणार.

त्याने इंजिन बंद केलं. तापलेलं इंजिन बंद केलं की लोखंड निवता निवता टिक, टिक असा आवाज करतं. तुम्ही ऐकला असेल. आम्ही वाट बघत राहिलो.

टिक आलाच नाही.

एवढा वेळ चाललेलं इंजिन... आधीच निवून गेलं होतं.

त्या दिवसांत भाषेवरून आंदोलन पेटलं होतं. मराठी की कोंकणी. कुठे रस्त्यावर झाड आडवं, कुठे दगड. बस कधी बंद पडेल याचा नेम नव्हता. शाळांनाही सुट्टी होती.

त्यातच शंभूची पूनम आजारी पडली. आठ वर्षांची पोर. गुरुवारी अंग तापलं, शुक्रवारी सकाळी डोळे फिरवून आकडी आली. गावच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि शंभूला बाजूला घेतलं.

"म्हापशाक व्हर. आतांच्या आतां. ताप मेंदवाक चडटा."

म्हापशाच्या हॉस्पिटलात न्यायचं, तर बस नव्हती. टॅक्सीवाला हात जोडून मोकळा झाला. म्हणाला, काचा फुटल्या तर कोण देणार. स्कूटरवर तशी मुलगी नेता येत नव्हती. शंभू धक्क्यापासून देवळापर्यंत धावला आणि तसाच परत आला. त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात हंसबाबच गाडी घेऊन दारात आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

शंभूची बायको पद्मावती बाळंतीण होती. पंधरवडाही झाला नव्हता. तिला उंबरठा ओलांडायची सोय नव्हती. ती दाराची चौकट धरून उभी होती.

"वन्स," ती मला म्हणाली, "तिका परत घेऊन येयात. माका बाकी काय नाका."

एवढंच. रडली नाही. ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

शंभूने पूनमला गाडीत आणलं. खाली जॅक, डबे, पान्यांची पेटी, पाय ठेवायला जागा नाही. तिला पलंगावर ठेवायला तो वाकला.

"थंय नाका," हंसबाब म्हणाला.

"मगे खंय? माज्या माथ्यार?"

हंसबाबाने पलंगाकडे एकदा पाहिलं. वळून स्टिअरिंगवर बसला.

शंभू त्याच्या शेजारी बसला. मी पलंगाजवळच्या लहान सीटवर, पूनमचा हात धरून. तो हात भाकरीच्या तव्यासारखा तापला होता.

गाडी निघाली. पालये गेलं. हरमल आलं. पूनम काहीबाही बडबडत होती. मी ओल्या फडक्याने तिचं कपाळ पुसत होते.

हरमलच्या पुढे ती गप्प झाली. मी कपाळावर हात ठेवला.

ताप उतरला होता.

"शंभू," मी म्हणाले, "अंग निवलां रे चेडवाचा."

तो मागे वळला. त्या दिवसात पहिल्यांदा त्याच्या तोंडावर जरा हसू आलं. मीही मनात देवाचं नाव घेतलं. मांद्रे येईपर्यंत आम्ही दोघंही जरा सैल बसलो होतो. हंसबाब मात्र नाही. तो आरशातून सारखा मागे बघत होता. आरसा रस्त्यासाठी असतो. तो पलंगाकडे फिरवलेला होता.

पार्शाला रस्त्यावर काजूचं झाड आडवं टाकलेलं होतं. आठ-दहा पोरगे बसले होते.

"गाडी बंद," एकाने काठी आपटली. "खंय चल्लो गोरो?"

"म्हापशाक," शंभू म्हणाला. "चेडू आजारी असा."

"आज सगळेच आजारी असत."

दुसरा खिडकीत वाकून हंसबाबाला म्हणाला, "साहेब, तुमी मराठीचे काय कोंकणीचे?"

"मी डिझेलचो," हंसबाब म्हणाला.

पोरगे खो खो हसले. शंभू हसला नाही. तो हात जोडून बसला होता. पण हंसबाबाने इंजिन बंद केलं होतं आणि गाडी उभी होती.

इंजिन बंद झालं... आणि माझ्या हातातला पूनमचा हात थंड व्हायला लागला.

सावकाश नाही. बादलीत पाणी ओतावं तसा. बोटं, तळवा, मनगट. मी तिचे तळवे चोळले. ओठ पाहिले. ते जांभळे पडत होते.

काठीवाला पोरगा बाजूच्या खिडकीशी आला. पडदा सरकवून त्याने आत पाहिलं.

त्याचं हसू गेलं.

"चेडवाचा कळला," तो म्हणाला. "पूण ती बायल... तिका कितें झालां?"

"माका काय झाला नाय," मी म्हणाले. "मी बरी असंय. तुमी झाड काढा बाबांनो."

पण मुलांनो... तो माझ्याकडे बघत नव्हता.

तो दोन पावलं मागे सरला. मित्रांना म्हणाला, "काढा रे झाड. बेगीन काढा." कुणी का म्हणून विचारलं, तर त्याच्यावरच खेकसला.

झाड बाजूला झालं. गाडी निघाली. मी पूनमला अंगाशी घ्यावं म्हणून तिच्या पाठीखाली हात घातला.

मला ती उचलवेना.

पूनम म्हणजे नुसती काडी. तिला मी एका हाताने कडेवर घ्यायची. आता ती गादीला खिळल्यासारखी झाली होती. अंग कुशीवर वळलेलं, तोंड भिंतीकडे. मी वाकून पलीकडे बघितलं.

तिचा वरचा हात पलीकडच्या बाजूला टाकलेला होता. आपण झोपेत आईच्या अंगावर टाकतो तसा.

आणि तो हात...

गादीला टेकला नव्हता.

गादीपासून वीतभर वर होता. सैल. निजलेला. कशावर तरी विसावलेला. त्याच्याखाली काही नव्हतं.

"आते," पूनम डोळे न उघडता म्हणाली. "हिका खूप थंडी लागता गे."

मी ओरडले असेन. शंभू सीटवरून मागे उडी मारून आला. त्यानेही दोन्ही हातांनी तिला उचलायचा प्रयत्न केला. ट्रकाचे गिअरबॉक्स एकट्याने उचलणारा माझा भाऊ. त्याला ती हलली नाही.

"थांबय," तो ओरडला. "हंसबाब, गाडी थांबय."

धारगळच्या माळावर गाडी थांबली. वर ऊन रणरणत होतं. आसपास घर नाही, माणूस नाही. पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं.

इंजिन चालू होतं. तरी गाडीत आमच्या श्वासाची वाफ दिसत होती.

शंभूने पलंगाच्या बाजूचं लहान दार उघडलं. पाइपांना हात लावला. येणारा पाइप तर गार होताच. आता जाणाराही कोमट होता. फिल्टरच्या डब्यावर दव जमलं होतं. मोठे मोठे थेंब.

तो तिथेच मटकन बसला. कपाळाला हात लावला. माझा भाऊ खचलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

"ताये," तो म्हणाला, "इंजिन तापता, पूण ऊब खंय जाता? कोण खाता ती?"

तेव्हा मला नारळ आठवला. पाण्याचा तांब्या आठवला.

"शंभू," मी म्हणाले, "गाऱ्हाण्यात तू कोणाचा नांव घेतलंस?"

तो माझ्याकडे बघत राहिला. ह्या गाडयेत जो कोण असा. तेका जाय तें दी.

त्याचं तोंड पांढरं पडलं.

मला आत्ताही सगळं उलगडून सांगता येत नाही. पण त्या क्षणी आम्हा दोघांना एकच कळलं. इंजिन चालू असताना तिला, हंसबाबाच्या गेलेल्या बायकोला, इंजिनाची ऊब मिळत होती. ती पुरेना, आणि शेजारी तापाने फणफणलेली एक पोर होती. आधी, हरमलपाशी, तिने ताप घेतला. ताप संपला, पार्शाला इंजिनही बंद झालं. आता ती पोरीची स्वतःची ऊब घेत होती.

वाईट मनाने नसेल. थंडी वाजणारा माणूस जवळ असेल ते पांघरूण ओढून घेतो.

पण पूनमचा श्वास आता मोजून मोजून येत होता.

"हंसबाब," शंभू उठला. "तुज्या बायलेचा नांव कितें?"

हंसबाब स्टिअरिंग धरून समोर बघत होता.

"तुका म्हायत होता," शंभू म्हणाला. "ती हंय असा ता तुका म्हायत होता. म्हणान फिल्टर पलंगाखाला लावूक सांगलंस."

"तिका थंडी वाजायची," हंसबाब म्हणाला. "मी काय करू? रोज रात्री दात वाजतत. मी खाली निजतंय आणि वर दात वाजतत."

"नांव सांग."

"मार्ता."

त्याने ते इतक्या हळू सांगितलं, की वर्षभरात ते पहिल्यांदाच त्याच्या तोंडून बाहेर पडलं असावं.

"आता रेस दी," शंभू म्हणाला. "पाय उचलू नको. कितें होता तें होवंदे."

"इंजिन जातला, शंभू. गाडी गेली तर मी घरा कसो..."

"माजां चेडू जाता रे."

हंसबाबाने आरशात बघितलं. मग त्याने पाय दाबला.

इंजिन ओरडायला लागलं. भांडी एकमेकांवर आपटायला लागली. काळा धूर खिडक्यांपर्यंत आला. त्या गोंगाटात शंभूने पलंगासमोर गुडघे टेकले आणि हात जोडले. नारळ नव्हता. काहीच नव्हतं.

"बा राखणदारा," तो म्हणाला, "माझा चुकला. आज नांव घेऊन सांगतंय. ही पूनम. माजां चेडू, केरीचां. हिका मिया ह्या गाडयेत हाडली, ती हंय ऱ्हवपाची न्हय. आणि ही मार्ता. हंसबाबाची बायल. तिका थंडी लागता. तिका इंजिनाची ऊब दी. पोटभर दी. माज्या चेडवाची दिव नाका."

तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता. मी एका हाताने पूनमला धरलं होतं आणि दुसरा हात त्या येणाऱ्या पाइपावर ठेवला होता.

गार.

गार.

इंजिनातून काहीतरी खडखडायला लागलं होतं. हंसबाब रडत होता, पण पाय उचलत नव्हता.

गार.

मग... कोमट.

मग ऊन.

मग मला हात काढून घ्यावा लागला.

मी वर बघितलं. पूनमचा तो हात हळूहळू खाली येत होता. एकदम पडला नाही. त्याच्याखालून कुणीतरी अलगद सरकून बाजूला व्हावं, तसा उतरला. गादीला टेकला.

शंभूने तिला उचललं. ती काडीसारखी हलकी वर आली.

दोन पुढच्या सीटांच्या मधे इंजिनावरचं पत्र्याचं झाकण असतं. तिथे मी तिला मांडीवर घेऊन बसले. म्हापशापर्यंत मी मागे पाहिलं नाही. कोलवाळच्या पुलावर मागून एकदा गादीच्या स्प्रिंगांचा आवाज आला. कुशीवर वळल्यावर येतो तसा. शंभूने माझा हात घट्ट धरला. आम्ही दोघंही पुढे बघत राहिलो.

हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी पूनमला तपासलं. गावच्या डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी वाचली. परत तपासलं.

"ताप आहे म्हणून आणलंत ना हिला?" ते म्हणाले. "मग काय बर्फात घालून आणलंत?"

त्यांनी तिला गरम पाण्याच्या पिशव्यांमध्ये ठेवलं. संध्याकाळपर्यंत ओठांवर रंग आला. तिने चहाबरोबर पाव मागितला. शंभू पाव आणायला गेला तो बराच वेळ आलाच नाही. मी जाऊन पाहिलं. जिन्याखाली, भिंतीकडे तोंड करून उभा होता.

पद्मावतीला दिलेला शब्द मी पाळला. आम्ही पूनमला घरी घेऊन आलो.

गाडी हॉस्पिटलच्या फाटकापाशी बंद पडली होती. ती ओढून केरीला आणावी लागली. शंभूने आधी तो फिल्टर काढला. डबा उघडला तर आतलं तेल तुपासारखं थिजलेलं होतं. पांढुरकं. त्या तेलाचा तसा गोळा होत नाही, असं तो आजही शपथेवर सांगतो. त्याने ते दूर वाळूत पुरलं आणि फिल्टर मूळच्या अडचणीच्या जागी परत बसवला. हात भाजला. त्या भाजण्याचाही त्याला आनंद झाला.

इंजिन महिनाभर खटपट केल्यावर चालू झालं. त्या दिवशी हंसबाब निरोप घ्यायला आला. तो आणखी म्हातारा दिसत होता.

"गाडी आता तापता," तो म्हणाला.

"बरा झाला मगे," शंभू म्हणाला.

"मी पलंगार निजलंय काल." तो जरा थांबला. "पलंग रिकामो असा, शंभू. दात वाजत नाय. कोण नाय थंय."

"सुटली बिचारी."

हंसबाबाने मान हलवली. त्याला ते पटलेलं दिसलं नाही. तो आमच्या घराच्या आतल्या दाराकडे बघत होता. मग वळला आणि गेला. रस्त्याने आपल्या देशी पोचला की नाही, आम्हाला कधी कळलं नाही. त्यानंतर तो केरीला आला नाही.

शंभू म्हणतो, गाऱ्हाणं पोचलं, ती सुटली. पद्मावतीही तेच म्हणते. त्यांचं समाधान मी का मोडू.

पूनम आज मोठी बाई आहे. तिला मी त्या दुपारबद्दल एकदाही विचारलेलं नाही. विचारायचा धीर होत नाही, कारण हंसबाब गेला त्या दिवशी जे मी पाहिलं, ते फक्त मीच पाहिलं.

जेवणं झाली होती. पद्मावती तान्ह्याला घेऊन आत निजली होती. बाहेर ऊन होतं, कौलांमधून उष्मा उतरत होता. पूनम माजघरात जमिनीवर आडवी झाली होती. मी स्वयंपाकघराच्या दारात भांडी पुसत होते. ती झोपली असं मला वाटलं.

मग तिने डोळे उघडले आणि आपल्या शेजारच्या मोकळ्या जमिनीकडे पाहिलं.

जराशी हसली.

सरकत सरकत भिंतीपाशी गेली. आपली गोधडी अर्धी काढली, त्या मोकळ्या जागेवर पसरली आणि तिची कड हाताने हळू हळू आत खोचून दिली... गळ्याशी, खांद्यांशी आणि मग खाली, पायांशी.